बंदिस्त वसंत : साउथडेल बाजारपेठेची कथा

अमेरिकेच्या उत्तर सीमेला लागून मिनेसोटा नांवाचें राज्य आहे. तेथील हिंवाळा एकदां ठाण मांडून बसला म्हणजे लवकर उठत नाहीं. सरोवरें गोठतात, पारा फॅरनहाइटच्या शून्याखालीं उतरतो, आणि त्याचें तेथील रहिवाशांना नवलहि वाटत नाहीं. पुढें उन्हाळा येतो तोहि दमट उकाडा घेऊनच येतो. अशा ह्या प्रदेशांत, मिनिआपोलिस शहराच्या नैर्ऋत्येस असलेल्या ईडायना ह्या उपनगरांत, ८ ऑक्टोबर १९५६ रोजीं एका इमारतीचे दरवाजे उघडले आणि त्या एका दिवसांत सुमारें ७५,००० माणसें आंत शिरलीं. दरवाज्यापाशीं बाहेरचा ऋतु संपत होता. आंत न वारा होता, न धूळ, न मोटारींचा कर्कश आवाज. ह्या इमारतीचें नांव साउथडेल. पुढील पन्नास वर्षांत ज्या बंदिस्त बाजारपेठांनीं, म्हणजेच ‘मॉल’ ह्या संस्थेनें, अमेरिकेच्या शहरांचें रूप पालटून टाकलें, त्यांची ही आद्यप्रतिमा होय.

इमारतीच्या मधोमध दोन मजल्यांहूनहि उंच असा एक विस्तीर्ण चौक होता. त्याला चिरवसंताचें उद्यान असें नांव देण्यांत आलें होतें, आणि वर्षाचे बाराहि महिने तेथील उष्णमान सुमारें ७५ अंश फॅरनहाइट राखण्याची तजवीज होती. छतालगतच्या खिडक्यांतून दिवसाचा उजेड खालीं येई. चौकांत झाडें होतीं, माशांचें कुंड होतें, पांखरांचा भला उंच पिंजरा होता, आणि हॅरी बर्टोइया ह्या शिल्पकारानें घडविलेले धातूचे सोनेरी वृक्ष होते. कडेला उपाहारगृहाचीं मेजें मांडलेलीं असत. सभोंवार दोन मजल्यांवर मिळून ७२ दुकानांची योजना होती, आणि दोन टोकांस डेटन व डोनल्डसन हीं मिनिआपोलिसचीं दोन मोठीं बहुवस्तुभांडारें उभीं होतीं. बाहेर ५,२०० मोटारी उभ्या राहतील एवढें मैदान होतें. सारा खर्च दोन कोटि डॉलरांच्या घरांत गेला होता.

छपराखालचा बाजार ही कांहीं त्या दिवशीं जन्मलेली कल्पना नव्हे. ऱ्होड आयलंड राज्यांतील प्रॉव्हिडन्स शहरीं १८२८ सालींच कांचेच्या छपराखालीं दुकानांच्या रांगा उभ्या राहिल्या होत्या. क्लीव्हलंड येथें १८९० सालीं पांच मजली गॅलऱ्यांचें भव्य आर्केड झालें. युरोपांत मिलान शहराची व्हिक्टर इमॅन्युएल राजाच्या नांवाची गॅलरी १८६७ पासून प्रसिद्ध होती. परंतु ह्या साऱ्या जुन्या इमारती गजबजलेल्या शहराच्या पोटांत होत्या. एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्यावर जातां जातां पादचारी त्यांत सहज शिरत असे. शहराबाहेरच्या मोकळ्या रानांत, जेथें मोटारीवांचून कोणीहि येऊं शकत नाहीं अशा ठिकाणीं, सर्व बाजूंनीं बंद व ऋतूंपासून संपूर्णपणें अलिप्त अशी प्रचंड पेठ उभारणें, ही गोष्ट निराळी होती. विस्कॉन्सिनमधील ॲपलटन गांवच्या लहानशा व्हॅली फेअर बाजारानें १९५५ सालीं बंदिस्तपणाचा मान आधीं मिळविला असें कांहीं जण म्हणतात. पण सबंध प्रांताचें गिऱ्हाइक ओढणारी, दोन मोठ्या भांडारांची, संपूर्ण वातानुकूलित पेठ म्हणून पहिलेपणाचा मान साउथडेललाच दिला जातो.

आश्चर्य असें कीं, ह्या अस्सल अमेरिकन वास्तूचा जनक अमेरिकन नव्हता, आणि त्याला मोटारीचें प्रेमहि नव्हतें. व्हिक्टर ग्रूएन ह्याचा जन्म १९०३ सालीं व्हिएन्ना येथें एका यहुदी कुटुंबांत झाला. त्याचें मूळ आडनांव ग्रूनबाउम. वास्तुकलेचें शिक्षण घेतल्यावर पेटर बेहरेन्स ह्या नामांकित वास्तुशिल्पज्ञाच्या हाताखालीं त्यानें कांहीं काळ काम केलें. दिवसा दुकानांचीं दर्शनी रूपें सजवावीं आणि रात्रीं राजकीय प्रहसनांच्या रंगभूमीवर उभें राहावें, असा त्याचा क्रम होता. मतानें तो समाजवादी होता. व्हिएन्नाचे रुंद पादचारी पथ, कॉफीगृहें, ओळखीच्या माणसांच्या अवचित गांठीभेटी, ह्या गोष्टी त्याच्या रक्तांत भिनलेल्या होत्या. १९३८ च्या मार्च महिन्यांत हिटलरचें सैन्य ऑस्ट्रियांत शिरलें आणि तें सारें जग एका रात्रींत मिटलें. नाझी गणवेष चढविलेल्या एका मित्रानें त्याला विमानतळावर पोंचविलें, व न्यूयॉर्कला उतरला तेव्हां त्याच्या खिशांत अवघे आठ डॉलर होते, असें सांगतात. कथा थोडी रंगविलेली असेल. पण त्याचें शहर त्याच्यापासून हिरावलें गेलें होतें, ही गोष्ट खरी होती.

न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर त्यानें लहान दुकानांचे दर्शनी भाग घडविले आणि त्याचें नांव झालें. रस्त्यानें जाणारा माणूस क्षणभर थबकला पाहिजे, थबकला कीं आंत आला पाहिजे, हें त्याचें सूत्र होतें. १९४१ सालीं तो लॉस एंजेलिसला गेला. तेथें जें त्याला दिसलें तें शहर नव्हतेंच. मैलोगणती पसरलेल्या रुंद रस्त्यांच्या कडेला दुकानांच्या विस्कळित रांगा, त्यांवर भडक पाट्या, मधून वाहणारा मोटारींचा लोंढा, आणि पायीं चालणारा माणूस कोठेंहि नाहीं. उपनगरांत राहणाऱ्या गृहिणीला घर होतें, बाग होती, यंत्रें होतीं. परंतु शेजारीण भेटेल असा चौक नव्हता. ह्या दुखण्यावर उपाय म्हणून ग्रूएन आणि त्याची तत्कालीन पत्नी व सहकारी एल्सी क्रुमेक ह्यांनीं १९४३ सालीं एका वास्तुविषयक मासिकांतून युद्धोत्तर काळासाठीं एक आराखडा सुचविला. दुकानें एकत्र आणावीं, त्यांच्यामध्यें मोकळी जागा ठेवावी, मोटारी बाहेर रोखाव्या. आणि खरेदीच्या निमित्तानें एकत्र आलेल्या लोकांना वाचनालय, टपालकचेरी, सभागृह हींहि तेथेंच मिळावीं, असा त्याचा आशय होता. व्यापाराच्या गाड्याला नागरजीवन जोडावें अशी ही कल्पना होती. गाडा कोण हांकणार, हा प्रश्न तेव्हां कोणी विचारला नाहीं.

ह्या कल्पनेचा पहिला मोठा प्रयोग डेट्रॉइटच्या उपनगरांत झाला. हडसन ह्या भांडारासाठीं ग्रूएननें रचलेली नॉर्थलंड ही पेठ १९५४ सालीं उघडली. ती बंदिस्त नव्हती. मध्यें भांडार, सभोंवार दुकानें, आणि दोहोंच्यामध्यें आकाशाखालचे चौक, कारंजीं व शिल्पें अशी तिची रचना होती. ती पाहण्यास देशभरांतून व्यापारी आले. परंतु ह्या यशाआधींच, १९५२ सालीं, मिनिआपोलिसच्या डेटन कुटुंबानें ईडायनांतील योजना जाहीर केली होती, आणि तिचें कामहि ग्रूएनकडेच सोंपविलें होतें.

डेटन घराण्याची पेढी मिनिआपोलिसच्या निकोलेट रस्त्यावर १९०२ पासून चालत आलेली होती. महायुद्धानंतर गिऱ्हाइक उपनगरांत राहावयास जात आहे, हें त्या घरच्या तरुण पिढीनें ओळखलें. ईडायनाची वस्ती १९५० सालीं दहा हजारांच्या आंत होती. १९६० सालीं ती अठ्ठावीस हजारांवर गेली. तेव्हां गिऱ्हाइकाच्या मागें जाणें भागच होतें. अडचण हवेची होती. बाहेर पडून निवांतपणें खरेदी करावी असे दिवस मिनेसोटांत वर्षाकांठीं अवघे १२६ निघतात, असा हिशेब मांडण्यांत आला. उरलेले दोनशें एकोणचाळीस दिवस दुकानदारानें काय करावें? ग्रूएनचें उत्तर असें कीं, रस्त्यालाच छप्पर घालावें. हें उत्तर वाटतें तितकें खर्चिकहि नव्हतें. प्रत्येक दुकानाला निराळी कांचेची दर्शनी भिंत, निराळें दार, निराळी ऊब देण्यापेक्षां सगळ्यांना मिळून एकच हवा पुरविली, तर दुकानें चौकाकडे सताड उघडीं राहूं शकतात व त्यांच्या बांधणीचा खर्च वांचतो, असें त्याचें गणित होतें. उष्णता-पंपाच्या यंत्रणेनें हिंवाळ्यांत ऊब व उन्हाळ्यांत गारवा पुरविण्याची सोय केली गेली.

रचनेंतील चातुर्य ह्याहूनहि लक्षांत घेण्यासारखें होतें. बाजार एका मजल्यावर पसरला तर टोकाच्या दुकानापर्यंत चालून गिऱ्हाइक कंटाळतें. दोन मजले केले तर वरच्या मजल्यावर कोणी चढत नाहीं. म्हणून मोटारींच्या मैदानांचे उतार असे काढले गेले कीं, अर्धे लोक सपाटीवरूनच खालच्या मजल्यांत शिरावे आणि अर्धे तितक्याच सहजपणें वरच्या मजल्यांत. मग सरकत्या जिन्यानें दोन्ही प्रवाह एकमेकांत मिसळत. मालाच्या मोटारी जमिनीखालील मार्गानें येत, म्हणून गिऱ्हाइकाच्या नजरेस त्या कधीं पडतच नसत. एकाच छपराखालीं दोन प्रतिस्पर्धी भांडारें नांदविण्याची गोष्टहि त्या काळीं धाडसाचीच होती. दुसरें भांडार जवळपास वेगळी पेठ काढील आणि दोघांचेंहि नुकसान होईल, त्यापेक्षां त्याला टोकाची जागा देऊन आपल्याच अंगणांत आणावें, असा डेटन मंडळींचा विचार होता. दोन टोकांकडे जाणाऱ्या लोकांची ये-जा मधल्या लहान दुकानांवरून होई, आणि त्यांचाहि धंदा चाले.

मात्र ग्रूएनच्या मनांत ही इमारत म्हणजे केवळ आरंभ होता. भोंवतालच्या चारशें साठ एकरांहून अधिक जमिनीवर घरें, शाळा, वैद्यकीय केंद्र, उपवन व सरोवर ह्यांसह एक सबंध वस्ती त्यानें कागदावर उभी केली होती. पेठ हें तिचें हृदय, आणि हृदयाभोंवतीं देह. डेटन मंडळींनाहि आसपासची जमीन हवी होती. परंतु त्यामागील हिशेब निराळा होता. पेठ उघडतांच भोंवतालच्या जमिनीचा भाव चढणार, तो चढलेला भाव आपल्याच पदरीं पडावा, हा व्यापारी विचार त्यांत प्रमुख होता. भाव चढलाहि. जमिनीचे तुकडे वेगवेगळ्या उपयोगांसाठीं वेगवेगळ्या हातीं गेले. १९६५ सालीं जवळच एक रुग्णालय उभें राहिलें, कचेऱ्या झाल्या, घरें झालीं. परंतु त्यांना एकत्र बांधणारी पायवाट झाली नाहीं. रुग्णालयांतून दुकानांत जावयाचें तर मोटारच काढावी लागे. हृदय बसविलें गेलें, देह जोडला गेला नाहीं.

तरीहि साउथडेलची कीर्ति झपाट्यानें पसरली. देशांतील मोठमोठ्या नियतकालिकांनीं आपले प्रतिनिधि पाठवून वर्णनें छापलीं. मिनिआपोलिसच्या वाद्यवृंदाच्या साह्यार्थ होणारा नृत्यसमारंभ त्या चौकांत भरूं लागला. हिंवाळ्यांत वृद्ध माणसें केवळ चार पावलें फिरण्यासाठीं तेथें येऊं लागलीं, हा ग्रूएनच्या स्वप्नाचा खरा झालेला अंश म्हटला पाहिजे. विरोधी सूर मुख्यतः एकाच थोर व्यक्तीचा उमटला. उद्घाटनानंतर थोड्याच आठवड्यांत फ्रँक लॉइड राइट हा वयोवृद्ध वास्तुशिल्पज्ञ मिनिआपोलिसला आला होता. शहराचा मध्यभाग उचलून येथें आणण्याचा हा खटाटोप कशासाठीं, तो होता तेथेंच ठेवावयाचा होता, अशा आशयाची टीका त्यानें केली. आणि ह्या चौकांत गांवरस्त्याचे सारे दोष आहेत, त्याचें लाघव मात्र नाहीं, असाहि शेरा मारला. त्या वेळीं ही एका तऱ्हेवाईक म्हाताऱ्याची खंवचट वाणी समजली गेली.

ह्यापुढें जें झालें तें केवळ एका इमारतीच्या मोहकपणामुळें झालें असें मानणें चुकीचें होईल. साउथडेल उघडण्याच्या तीनच महिने आधीं, २९ जून १९५६ रोजीं, अमेरिकेंतील आंतरराज्य महामार्गांच्या कायद्यावर अध्यक्ष आयझेनहॉवर ह्यांची सही झाली. ह्या महामार्गांचे फांटे जेथें जेथें एकमेकांस मिळाले, तेथें तेथें पेठेसाठीं आयती जागा निर्माण झाली. दुसरें कारण अधिक गुप्त होतें. १९५४ च्या आयकर कायद्यानें नव्या इमारतींवर त्वरित घसारा काढण्याची मुभा दिली होती. इमारत झिजते, म्हणून तिच्या किंमतीचा कांहीं भाग दरसाल खर्च म्हणून दाखवितां येतो. तो पूर्वीं अनेक वर्षांवर सारखा वांटला जाई. आतां आरंभींच्याच वर्षांत त्याचा मोठा वांटा दाखवितां येऊं लागला. परिणामीं भाड्याचें उत्पन्न प्रत्यक्ष हातांत पडत असतांहि कागदावर तोटा दिसे आणि कर वांचे. घसाऱ्याचा लाभ ओसरला कीं इमारत विकावी, आणि त्या पैशांतून दुसरी उभारावी. जुन्या इमारतीची डागडुजी करण्यापेक्षां मोकळ्या रानांत नवी बांधणें ह्यामुळें अधिक किफायतशीर ठरलें. शहराच्या मध्यभागांत जुन्याच इमारती अधिक, आणि रानांत नव्यांना जागा अमाप. चौक, शिल्प व पांखरांचा पिंजरा ह्यांच्यामागें हें आंकड्यांचें यंत्र निमूटपणें फिरत होतें. पुढील अर्धशतकांत देशभर सुमारें दीड हजार बंदिस्त पेठा उभ्या राहिल्या. डेटन मंडळींनीं स्वतः मिनिआपोलिसच्या परिसरांत ब्रुकडेल, रोझडेल व रिजडेल अशा आणखी तीन पेठा काढल्या.

ह्याची किंमत शहरानें चुकविली. मिनिआपोलिसची लोकसंख्या १९५० च्या शिरगणतींत पांच लाख एकवीस हजारांवर होती. १९८० सालीं ती तीन लाख एकाहत्तर हजारांच्या आंत आली. ह्या ओहोटीचा दोष एकट्या बाजारपेठेवर ठेवतां येणार नाहीं. गृहकर्जाचीं सरकारी धोरणें, महामार्ग आणि वर्णद्वेष ह्या साऱ्यांचा त्यांत वांटा होता. ईडायनाचेंच उदाहरण घेतलें तर, तेथील कंट्री क्लब ह्या प्रतिष्ठित वस्तीच्या खरेदीखतांत १९२४ पासून गौरेतरांनीं तेथें राहूं नये अशीं कलमें घातलीं जात होतीं. १९४८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अशीं कलमें न्यायालयांमार्फत अमलांत आणतां येणार नाहींत असा निर्णय दिला. परंतु खतावरील शाई निष्प्रभ झाली म्हणून वस्तीची घडण तत्काळ बदलत नाहीं. जो चौक सर्वांचा म्हणून रचला होता, तो अशा प्रदेशांत उभा होता कीं जेथें पोंचण्यास मोटार लागे आणि राहण्यास कातडीचा विशिष्ट रंग. मिनिआपोलिस शहरानें हार मानली नाहीं. १९६२ पासून इमारती जोडणारे बंदिस्त उंच पूल तेथें उभारले जाऊं लागले, आणि १९६७ सालीं निकोलेट रस्ता पादचाऱ्यांसाठीं नव्यानें घडविण्यांत आला. म्हणजे ज्या उपनगरानें शहराची नक्कल केली, त्या उपनगराची नक्कल आतां शहर करूं लागलें.

चौक कोणाचा, हा प्रश्न शेवटीं न्यायालयापुढें आला. ऑरेगॉन राज्यांतील पोर्टलंड शहरीं लॉइड सेंटर नांवाची अशीच एक मोठी खाजगी पेठ होती. तेथें १९६८ सालीं व्हिएतनाम युद्धाच्या विरोधांत हस्तपत्रकें वांटणाऱ्या कांहीं तरुणांना पेठेच्या रखवालदारांनीं अटकावलें. १९७२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार अशा मतांनीं निकाल दिला कीं, लोकांना खरेदीसाठीं मोकळेपणानें येऊं दिलें म्हणून खाजगी जागा सार्वजनिक होत नाहीं; मालकाला पत्रकें वांटणें थांबवितां येतें. कांहीं राज्यांनीं पुढें आपापल्या घटनेच्या आधारें अधिक सूट दिली, पण सर्वसाधारण नियम हाच राहिला. व्हिएन्नाच्या चौकांत राजकीय प्रहसनें करणाऱ्या माणसानें कल्पिलेल्या चौकांत राजकारणाचें एक पत्रकहि मालकाच्या मर्जीवांचून वांटतां येऊं नये, ह्याहून मोठा विपर्यास कोणता?

ग्रूएनला हा विपर्यास दिसूं लागला होता. नगररचनेच्या अभ्यासकांत एक शब्दप्रयोग रूढ झाला आहे : ‘ग्रूएन संक्रमण’. एखादी ठराविक वस्तु घेण्यासाठीं आलेलें गिऱ्हाइक पेठेच्या दिपवून टाकणाऱ्या रचनेंत शिरतांच आपला हेतु विसरतें आणि दिसेल तें घेत भटकूं लागतें, त्या क्षणाला हें नांव आहे. ज्यानें माणसांना एकमेकांकडे वळवूं पाहिलें, त्याचें नांव माणसांना वस्तूंकडे वळविण्याच्या युक्तीला मिळालें. शहर वांचविण्याचा यत्न त्यानें केला नाहीं असें नाहीं. टेक्सासमधील फोर्ट वर्थ शहराचा मध्यभाग मोटारींपासून मुक्त करण्याची त्याची १९५६ ची योजना गाजली, पण अमलांत आली नाहीं. १९५९ सालीं मिशिगनमधील कॅलमझू येथें त्याच्या सल्ल्यानें भर बाजारांतला रस्ता पादचाऱ्यांना दिला गेला. न्यूयॉर्क राज्यांतील रॉचेस्टर शहराच्या ऐन मध्यावर १९६२ सालीं त्यानें मिडटाउन प्लाझा ही बंदिस्त पेठ बांधली. तिच्यांतील राष्ट्रांचें घड्याळ पाहण्यास मुलें दुरून येत. १९६४ सालीं त्यानें शहरांच्या हृदयाविषयीं एक ग्रंथ लिहिला. परंतु भांडवल उपनगरांकडे धांवत होतें, व त्याला ग्रंथ वाचण्यास सवड नव्हती.

१९६८ सालीं ग्रूएन व्हिएन्नाला परतला. तेथील जुन्या मध्यभागांतून मोटारी काढाव्या असा आराखडा त्यानें मांडला, आणि १९७४ सालीं केर्न्टनर रस्ता पादचाऱ्यांचा झाला. परंतु १९७६ सालीं त्याच व्हिएन्नाच्या दक्षिण सीमेवर, मोटाररस्त्याच्या कांठीं, एक अजस्र अमेरिकन धर्तीची पेठ उघडली. आपल्या जन्मशहराच्या दुकानदारांवर आलेलें हें संकट त्याच्याच कल्पनेच्या वंशांतलें होतें. १९७८ सालीं लंडन येथें केलेल्या भाषणांत त्यानें आपल्या कल्पनेचा विपर्यास करणाऱ्या त्या बांधकामांचें पितृत्व जाहीरपणें झिडकारलें, आणि त्या अनौरस संततीची पोटगी आपण देणार नाहीं असें बजाविलें. १४ फेब्रुवारी १९८० रोजीं तो निवर्तला.

बापानें नाकारलेल्या ह्या संततीचें पुढें काय झालें? रानांत नवी इमारत बांधणें किफायतशीर असलें, म्हणजे आज नवी असलेली पेठहि उद्यां जुनी होते. ईडायनाच्या शेजारीं ब्लूमिंग्टन येथें १९९२ सालीं मॉल ऑफ अमेरिका ही साउथडेलच्या कित्येक पटींनीं मोठी पेठ उघडली. दुसरा घाव घरांतूनच बसला होता. डेटन पेढीनें १९६२ सालीं, मिनेसोटांतीलच रोझव्हिल येथें, टार्गेट नांवाचें स्वस्त मालाचें दुकान काढलें. तें रोपटें इतकें वाढलें कीं, २००० सालीं मूळ कंपनीनें टार्गेट हेंच नांव धारण केलें, आणि थोड्याच वर्षांत जुन्या भांडारांवरील डेटन ही पाटी उतरली. डोनल्डसनचें नांव त्यापूर्वींच, १९८७ सालीं, पुसलें गेलें होतें. पुढें घरबसल्या खरेदी करण्याची सोय झाली आणि मधल्या चौकाची गरजच अनेकांना वाटेनाशी झाली. मिडटाउन प्लाझा २००८ सालीं बंद होऊन पाडली गेली. ब्रुकडेल २०१० सालीं मिटली. नॉर्थलंडचे दरवाजे २०१५ सालीं बंद झाले. आणि निकोलेट रस्त्यावरील डेटनचें मूळ भांडार, ज्याच्या शाखेसाठीं साउथडेल उभी राहिली, तेंहि मेसीच्या नांवाखालीं शेवटचे दिवस काढून २०१७ सालीं बंद पडलें.

साउथडेल मात्र टिकून राहिली. तिचे मालक बदलले, दुकानें बदललीं, पांखरांचा पिंजरा गेला. बर्टोइयाचे सोनेरी वृक्ष राहिले. अलीकडच्या काळांत तिच्यांत एक निराळाच पालट सुरू झाला आहे. २०१४ च्या सुमारास तिच्या मोटारींच्या मैदानाच्या एका कोपऱ्यावर राहण्याचीं घरें बांधलीं गेलीं. पुढें एक अतिथिगृह आलें. एका मोठ्या भांडाराच्या जागीं २०१९ सालीं व्यायामशाळा व काम करण्याच्या जागा झाल्या. घरें, रुग्णालय, व्यायामशाळा, दुकानें : ग्रूएननें १९५० नंतरच्या त्या पहिल्या आराखड्यांत जें रेखाटलें होतें, त्यांतील बरेंच आतां तेथें जमूं लागलें आहे. तें कोणाच्या स्वप्नाखातर आलेलें नाहीं. केवळ दुकानांवर आतां भागत नाहीं म्हणून आलें आहे.

एका निर्वासितानें हरवलेलें शहर परक्या भूमींत पुन्हां उभारूं पाहिलें, हा ह्या इतिहासाचा उगम होता. त्यासाठीं त्यानें व्यापाऱ्याचा हात धरला, कारण दुसरा कोणी पैसा घालण्यास पुढें आला नाहीं. व्यापाऱ्यानें स्वप्नांतून आपल्या उपयोगाचा तेवढा भाग उचलला आणि बाकीचा कागदावर ठेवला. त्यांत त्याच्या धर्माप्रमाणें त्याचें कांहीं चुकलें असेंहि म्हणवत नाहीं. चूक असलीच तर ती ह्या समजुतींत होती कीं, चौक हा बांधून देतां येतो. छप्पर, झाडें, बांक व कारंजें हीं बांधून मिळतात. चौकाला चौकपण येतें तें तेथें विनाकारण येणाऱ्या माणसाच्या हक्कामुळें; आणि तो हक्क साउथडेलच्या नकाशांत कोठेंच आंखलेला नव्हता. बाहेर बर्फ पडत असतां आंत चार पावलें फिरून जाणारीं वृद्ध माणसें तेवढी तो रोज, कोणालाहि न विचारतां, बजावीत राहिलीं.